जुनं घेत नाही

केयूरने वाक्य पाठ केलं होतं:
"नमस्कार, आम्ही दांडिया बाजारातली मुलं,
डोंगर खचला त्या गावांसाठी…"
पहिल्याच दारात तो अडखळला
आणि दार हसून बंद झालं.

पावतीपुस्तक माझ्याकडे होतं,
क्रिकेटच्या स्पर्धेतलं उरलेलं,
'प्रवेश फी' निळ्या पेनने खोडलेलं,
कार्बन इतका झिजलेला
की दुसऱ्या प्रतीवर नुसता दाब उमटायचा,
अक्षर नाही.

पहिल्या दिवशी म्हणालो, असेल ते द्या.
लोकांनी असेल ते दिलं:
एका बाहीची मोतीवाली शेरवानी,
मुदत संपलेलं खोकल्याचं औषध,
एकच चप्पल, डाव्या पायाची, जवळजवळ नवी.
रात्री शाळेच्या व्हरांड्यात ढीग उपसताना
मृण्मयी म्हणाली, तिकडच्या थंडीत
कोण नेसणार रे ही जाळीची साडी?
कुणी बोललं नाही.
अर्धा ढीग भंगारवाल्याने नेला.
दोनशे दहा रुपये आले,
ते कुणाच्या नावावर लिहायचे यावर
साडेअकरापर्यंत भांडलो.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याची पाटी केली:
जुनं घेत नाही.
तिकडच्या एका नर्सला फोन लावला.
तिने घाईघाईत यादी सांगितली:
ताडपत्री, टॉर्चचे सेल, पॅड,
आणि आतले कपडे, नवे, सगळ्या मापांचे.
हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं.
मंगळबाजारात शंभर चड्ड्यांचा भाव करताना
केयूरचे कान लाल झाले.
कारण कळल्यावर दुकानदार म्हणाला,
"पहेलां कहेवुं जोईए ने!"
भाव पाडला, वर पंचवीस पंचे ठेवले,
आणि पावती नको म्हणाला.
मी दिलीच.

तिसऱ्या दिवशी कारेलीबागेच्या खालच्या अंगाला,
विश्वामित्रीकडे उतरणाऱ्या गल्लीत
शितोळेमामींचं पिको-फॉलचं दुकान.
भिंतीवर छातीइतकी मातकट रेघ.
तिच्याखाली रंगच धरत नाही म्हणे.
"ओट्यावर मगर होती," मामी म्हणाल्या,
येऊन गेलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तशा,
"तिचं काही नाही. मशीन बुडालं माझं."
नव्या मशीनच्या हप्त्याचं कार्ड
खिळ्याला लटकत होतं.
मी पुस्तक मिटू लागले.
अशा घरी मागू नये, एवढं कळत होतं.

त्या रागावल्या.
"मला गं का वगळतेस?"

आतून ब्लँकेट आणलं. करडं, धुतलेलं,
घडीवर इस्त्री फिरवलेली.
"मामी, जुनं…" केयूर म्हणाला.
पाटी त्याच्या हातातच होती.
त्यांनी ब्लँकेटचा कोपरा उलटला.
काळ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी:
नवतरुण मंडळ, चिंचाळे.

"पुरात आलं हे. ट्रकमधून फेकत होते,
माझ्या हातात हे पडलं.
कुठे आलं चिंचाळे?
भाच्याने फोनवर शोधलं, चार निघाली.
चारांतल्या कुणाला पत्र लिहू?"

केयूरने पाटी पाठीमागे धरली.
मी लिहिलं: रक्कम, एक ब्लँकेट.
कुणाकडून, विचारलं,
तर म्हणाल्या, "थांब जरा,"
आणि मशीनवर बसल्या.
चिंचाळेच्या खाली
फक्त 'बडोदा' शिवलं, सरळ, दुहेरी दोऱ्याने.
मग बोटाने मोजून पाहिलं,
खाली आणखी एखादं गाव मावतंय ना.

टेम्पो सोमवारी पहाटे गेला, ज्युबिली बागेपासून.
दोरी कमी पडली, मृण्मयीने ओढणी दिली.
ताडपत्र्या वर, ब्लँकेट कुठे गेलं दिसलं नाही.

हिशेब शाळेच्या फाटकावर लावला,
भंगाराच्या दोनशे दहांसकट.
त्या पावतीची दुसरी प्रत कोरीच आहे,
खिडकीपाशी तिरकी धरली तर वाचता येते.

चौदा रुपये मात्र जास्त भरतात, अजून.
केयूर म्हणतो, चहाचे असतील.
पण चहा आम्ही
घेतलाच नव्हता त्या तीन दिवसांत.