साडेसातच्या बातम्या

रज्जाक टेलरनं मशीन थांबवली
की आम्ही समजायचो, वेळ झाली.
खाली त्याचं दुकान, वर आमची खोली,
मधे नुसतं माळवद,
आणि माइक असा की त्यात शिवण यायची.
म्हणून पंधरा मिनिटं तो हातानं काजं करत बसे.
ह्याचे पैसे त्यानं कधी मागितले नाहीत.

मी मुजीब. कॅमेरा माझा.
म्हणजे कॅमेरा शेठचा, डोळा माझा.
समोर कुमुदिनी पाथरीकर, बी.ए., दुसरा वर्ग.
मागे निळा पडदा, टेबलावर प्लास्टिकचा गुलाब,
टेबलाखाली रबरी चपला.
एकवीस वर्षांत परभणीनं त्या चपला पाहिल्या नाहीत.

वॉर्ड बाराला पाणी पहाटे चारला.
मोंढ्यात तूर पन्नासनं उतरली.
म्हैस हरवली आहे, डावं शिंग मोडकं,
आणून देणाऱ्यास योग्य ते बक्षीस.
शेवटी निधनवार्ता.
तिथं ती चष्मा काढायची.
तेवढी नावं पाठ असायची तिला,
आधी माझ्यापुढं दोनदा म्हणून बघितलेली:
सटवाजी की सटवोजी? फोन लाव, विचार.
"शेवटचं नाव घ्यायलोत मुजीबभाई,
नीट घ्यावं."

लोडशेडिंगच्या साली
आम्ही इन्व्हर्टरवर, गाव अंधारात,
बातम्या कुणासाठी चालल्यात ते आम्हालाच ठाऊक नसे.
अकराला लाइट आली की ती पुन्हा बसायची,
पदर सारखा करून
तोच नमस्कार, झोपेनं थोडा जड.

मुंबईला एकदा बोलावलं होतं.
काचेची इमारत, आत थंडी.
देवगिरीनं गेलो. मी सोबतीला,
तिच्या भावानंच सांगितलं होतं.
तिनं सगळं शुद्ध वाचलं,
ण तिथं ण, ळ तिथं ळ,
वाचताना एकदाही खाली पाहिलं नाही.
मग साहेबांनी विचारलं, पाणी घेणार?
"नको, आत्ताच पेले की."
मागं कुणीतरी हसलं.
एवढंच झालं. कळवतो म्हणाले.

येताना जालन्यापर्यंत गप्प.
सेलूला चहा घेतला, तेव्हा म्हणाली,
"तिथं नळाला रोज पाणी येतंय म्हणं.
मग बातम्यात सांगायलेत तरी काय?"

तिनं हाताखाली तयार केलेला एक पोरगा,
हृषीकेश मानवतकर, तो गेला पुढं.
आता सहा खिडक्यांतल्या सहा माणसांवर
रात्री नऊला ओरडतो.
ती आवाज बंद करून बघते.
ओठ नीट उघडतो, म्हणते.

मग घरोघरी डबडे आले, मग मोबाइल,
मग शेठनं एका शुक्रवारी पडदासुद्धा विकला.
सोमवारी साडेसातला
रज्जाकनं मशीन थांबवली.
वर बघितलं.
मग पायडलवर पाय ठेवला.

मी आता लग्नं शूट करतो.
तिला महापालिकेनं बोलावलं,
घंटागाडीसाठी आवाज पाहिजे होता.
एकदाच अडीच हजार, पुन्हा काही नाही.
रेकॉर्डिंग मीच केलं, रज्जाकच्याच दुकानात,
शटर अर्धं ओढून. तो काजं करत बसला.
नमस्कार. ओला कचरा आणि सुका कचरा
वेगवेगळा द्यावा.
तिनं कागद खाली ठेवला आणि विचारलं,
"चष्मा घालून वाचलं ना मी?"

रोज सकाळी गाडी गल्लीगल्लीतून फिरते.
ती स्वतःही बादली घेऊन दारात येते,
आपल्याच आवाजाला, वेळेवर.
आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा आहे,
तो रिकाम्या हातानं येतो,
कानामागं तळवा धरून उभा राहतो.
ड्रायव्हर म्हणतो, बाबा, कचरा टाका, पुढं जायचंय.

"थांब की लेकरा," म्हातारा म्हणतो,
"पाण्याचं सांगंल ती आता."