चिमट्याची टी

भेग दिसली ती दिघीच्या गतिरोधकानंतर.
केसाएवढी. आधी मी खरंच केस समजले,
नखानं काढायला गेले.

सत्तर सालची जावा.
(सासरी मला जाऊ नव्हती; ही तेवढी.)
खडकीच्या अँथनी डिक्रूझनं विकताना सांगितलं होतं,
'जरा डावीकडे ओढते. सवय होते.'
झाली.

नाना पेठेत सात दुकानं फिरले.
सहाव्यानं डबे उपसले, सायलेन्सर बाजूला सारले,
काढून दिला दुसऱ्याच कुठल्या गाडीचा चिमटा,
चांगला जाडजूड. 'हा बसवा की.'
'आणि वरची टी?'
'टी बनवून घ्यावी लागेल,' म्हणाला,
मुलाच्या नोकरीबद्दल बोलावं
तशा आवाजात.

रात्री ड्रॉइंग काढलं.
औंधच्या आयटीआयमध्ये घडलेला हात,
बावीस वर्षं पिंपरीत पंपांचे काटछेद काढले त्यानं,
कंपनीला कुलूप लागलं त्यालाही आता नऊ झाली.
टोकदार टू-एच पेन्सिल, मध्यरेषा तुटक,
तीन भोकं, दोन चिरा, चार बोल्ट,
खाली उजव्या कोपऱ्यात चौकट:
काढणार, मी.
तपासणार, रिकामं.

लांडेवाडीच्या मागे इलाही शिकलगारांचा लेथ.
नेमकी गुरुवारी गेले. गुरुवारी भोसरीत लाईट नसते.
म्हणून तर त्यांना वेळ होता.
ड्रॉइंग त्यांनी चहाच्या ग्लासाखाली दाबून ठेवलं,
मोडकी टी घासलेल्या लोखंडी पाटावर मांडली,
बोटानं एक कोपरा दाबला.
टक्.
सोडला.
टक्.

'बाई, माप कशाचं घेतलं?'
'हिचंच.'
'मग हे मोडलेल्याचं माप हाय.
हिला मार बसलाय जुना, भेग नुसती काल पडली.
म्हणाल तर असंच काढून देतो. नवं कोरं, वाकडं.'

चहावर साय धरेपर्यंत मी गप्प.
बावीस वर्षांत पाव मिलिमीटर चुकले नव्हते.
आत्ताही चुकले नव्हते खरं तर.
ड्रॉइंग हुबेहूब होतं.

मग टी उचलून खिडकीत ठेवली
आणि तिनं जे धरायचं होतं ते मोजलं:
दोन नळ्या, मधला दांडा.
व्हर्नियर त्यांचा, वही माझी.
फरक निघाला एक सूत.
एका सुतासाठी अकरा वर्षं, असं काहीतरी मी पुटपुटले.
'सूत जमायला वेळ लागतोच,' ते म्हणाले,
हसले मात्र नाहीत; काड्यापेटी शोधत होते.

शनिवारी अॅल्युमिनिअमची लादी चढली, सव्वाचार किलोची.
त्यांचा भाचा वरून दुधी पाणी सोडत होता,
कीस उडून माझ्या चपलेत, ओढणीत,
एक कुरळी बट थेट पर्समध्ये.
संध्याकाळी हातात आली नऊशे ग्रॅम, अजून कोमट.
बाकीची गोणीत गेली. तिलाही भाव असतो म्हणे.
न सांगता त्यांनी कोपरे कानशीनं मारले,
'बाही अडकू नये.'
ड्रॉइंग परत दिलं.
'तपासणार'च्या चौकटीत
चहाच्या ग्लासाचा गोल, अर्धा आत, अर्धा बाहेर.

नाशिक फाट्याच्या पुलावर हात सैल सोडले.
गाडी सरळ.
दोरीवरून चालल्यासारखी सरळ.
पण माझा उजवा खांदा अकरा वर्षांचा,
त्याला कुणी कळवलं नव्हतं,
तो आपला रेटतोय.

तीन दिवस मी उजवीकडे जात राहिले.
कासारवाडीला एक रिक्षावाला घासून गेला,
मागे वळून ओरडला,
'ओ काकू, गाडी सरळ चालवा की!'

गाडी सरळच आहे, म्हटलं.