चौसष्टास एक

शेडच्या पत्र्याखाली पोर्तु-सेव्हेरो पसरलंय,
आहे त्याच्या चौसष्टपट लहान.
धक्का माझ्या पोटरीलाही पोचत नाही,
दीपगृह म्हणजे पितळी नळीचा तुकडा, मीच कापलेला,
आणि बांधाचा दगडन् दगड वजन करून रंगवलेला:
पिवळा हलला तर वहीत टिपायचं,
लाल हलला तर पंप बंद.

सगळंच लहान करता येतं असं नाही.
वाळू चौसष्टपट दळली की तिचा चिखल होतो,
ती चिकटते, वाहायचं विसरते.
म्हणून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा पसरतो आम्ही
आणि म्हणतो, समजा ही वाळू.
वेळ तर याहून हट्टी, आठपटच आक्रसतो.
सहा तासांचं वादळ पाऊण तासात उरकतं,
बारा सेकंदांनी येणारी लाट दीड सेकंदात.
इदालिना ती घड्याळ न बघता मोजते,
नुसत्या ओठांनी, जप केल्यासारखी.

तीन आठवडे आमचं पाणी शहाण्यासारखं वागलं.
दोन तारांमधली लाट आकडे देत राहिली,
तिसऱ्या धक्क्याशी: शांत. शांत. शांत.
आणि तिकडे खऱ्या तिसऱ्या धक्क्याशी
मनगटाएवढे दोर तुटत होते, रात्री, भरतीला.

बेल्मिरो तावारेस आला तो बुटांना डांबर घेऊनच.
एकेचाळीस वर्षं जहाजं आत आणलेला माणूस,
प्रतिकृतीच्या काठावर उकिडवा बसला, टोपी काढून,
जशी दुसऱ्याच्या घरात काढतात.
एक लाट बघितली. दुसरी बघितली.
मग बांधाच्या बाहेर, जिथे आम्ही काहीच ठेवलं नव्हतं,
तिथे पाण्यात बोट बुडवलं.
"इथे ती वळते. तीन वाव पाणी आहे इथे, जास्त नाही."

नकाशात तिथे अकरा मीटर होते.
खरं म्हणजे, तिथे काहीच नव्हतं.
या बाजूला अकरा, त्या बाजूला अकरा,
मध्ये कोरा कागद,
आणि आम्ही कधीतरी म्हटलं होतं, समजा सपाट.
समजा.
केवढा साळसूद शब्द आहे हा.
एकाच तोंडाने मानायला सांगतो
आणि कळून घ्यायलाही,
आणि यातलं आपण काय केलं
ते विचारायला थांबत नाही.

इदालिनाने बोट मागवली. नऊ दिवस, जानेवारीत,
ध्वनीचे ठोके तळाशी पाठवत आणि परत येताना ऐकत.
दोन दिवस नुसती ओकली, असं ती स्वतःच सांगते.
सातव्या दिवशी तळ वर आला.
साडेपाच मीटर. एका बुडालेल्या खडकाची पाठ,
शंभर पावलं लांब, कुणी न विचारलेली.

मी दीड घमेलं सिमेंट कालवलं.
इतकंच. थापीने पसरलं, वर साडेआठ सेंटिमीटर,
ओल्या पोत्याखाली आठवडाभर झाकलं.
मग पाणी भरलं, फळी हलली,
आणि लाट, तीच लाट,
त्या उंचवट्यावर अडखळली, खांदा वळवला
आणि थेट तिसऱ्या धक्क्यात शिरली.
माझी दोऱ्याने बांधलेली लाकडी होडी उलटी झाली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
इदालिना म्हणाली, "पुन्हा," आणि ओठ हलू लागले.

आता खऱ्या बंदरातही एक काठी उभी आहे, लाट मोजणारी.
ती नव्वद सांगते, आमच्या तारा ऐंशी.
दहा सेंटिमीटरचा हा फरक
शेडमध्ये जेमतेम दीड मिलिमीटर होतो.
बेल्मिरोला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला,
"चूक कुणाची, पाण्याची की तुमची?"
इदालिनाने वहीत तारीख घातली
आणि पुढची ओळ मोकळी सोडली.

संध्याकाळी मी समुद्र सोडून देतो, झडप उघडून.
वीस मिनिटं लागतात. बंदर कोरडं पडतं,
खडकाची पाठ आधी उघडी होते.
घरी दारात बूट झटकले
की अक्रोडाची वाळू पडते.