उलटी सोंड

चाळीस चवथी मी सोंडा घडवल्या,
बहुतेक डाव्या, उजव्या कुणी मागून घेतल्या तरच.
मग माशेलच्या बागेसाठी पंचायतीची ऑर्डर आली :
डायनासोर, एक. उंची बारा फूट. फायबरचा.
ठेकेदार म्हणाला, पुरसो, दात दिसू देत हां,
पोरं भ्यायला हवीत.

पुतणीनं वाचनालयातून चित्रांचं पुस्तक आणलं.
त्यातून मी निवडला तो बदकाच्या चोचीचा,
कपाळावरून मागं गेलेल्या लांब पोकळ तुऱ्याचा.
म्हटलं, ही तर सोंडच,
वाट चुकून पाठीकडे निघालेली.

दात होते त्याला, शेकड्यांनी,
पण गालांच्या आत, एकावर एक रचलेले.
एक झिजला की खालचा वर यायचा;
जात्याला टाकी लावायची गरजच नाही.
पानं, काटक्या, बिया, देवदारासारख्या झाडांच्या फांद्या,
दिवसभर दळण चालू.
दात आहेत, मी ठेकेदाराला सांगितलं, पण दिसायचे नाहीत.
मग उपयोग काय, तो म्हणाला.

तो इथला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.
आपल्या जांभ्या दगडात त्याचं हाड मिळायचं नाही.
तो दूरच्या खंडात नदीकाठचा चिखल तुडवायचा
तेव्हा आपली भूमी एकटीच समुद्रातून उत्तरेला सरकत होती,
नावाडी नसलेल्या फेरीबोटीसारखी.

पण चिखल मला कळतो.
खाजनात उभ्या जड जनावराचा पाय
किती पसरतो, ते बघूनच त्याचे पाय केले.
चरताना चारांवर, पळताना मागच्या दोनांवर,
शेपूट ताठ, वल्ह्यासारखी मागं धरलेली.

पूर्वी जाणत्यांना वाटायचं,
तुरा पाण्याबाहेर ठेवून तो श्वास घेत असेल.
मला ते आवडलं होतं. गळाभर पाण्यात उभा,
माझ्या साऱ्या मूर्ती शेवटी उभ्या राहतात तसा.
पण टोकाला भोकच नाही.
श्वास नाकातून वर चढतो, टोकाशी वळतो
आणि शेजारच्याच वाटेनं घशात उतरतो.

हे वाचलं आणि दिवाडीला गेलो, कायतानकडे.
फेस्त असो की मयत, ट्रॉम्बोन त्याचाच.
त्यानं चित्रातल्या नळीवरून बोट फिरवलं,
वळणापाशी थांबला, हसला.
हे माझंच रे, म्हणाला, फक्त ह्याला हात लागत नाहीत.
मग दारात उभा राहून त्यानं सगळ्यात खालचा सूर लावला.
मानशीपलीकडे म्हशींनी माना वर केल्या.

शिंग नाही, कवच नाही, नखं बोथट.
त्याच्यापाशी होता एवढाच सूर, झाडांना वळसा घालून जाणारा,
आणि तो ओळखणारा कळप.
पिल्लांना तुरा नसायचा, नुसतं टेंगूळ,
आवाजही तेवढाच, शिट्टीएवढा.

आत नळी कशाला, कोण बघणार, ठेकेदार म्हणाला.
मी रात्री घातली.
प्लंबरकडचे चार पाइप, दोन वळणं, बिलात धरली नाहीत.

उद्घाटनाला पोरं भ्यायली नाहीत.
कुणाची तरी पाचेक वर्षांची पोर
चोचीवर चढली, नाकपुडीला तोंड लावून ओरडली : ओ!
आवाज आत गेला, वर चढला, वळला,
आणि घशातून बाहेर आला तेव्हा
तो पाच वर्षांचा राहिला नव्हता.
ती खाली उतरली आणि लांबून बघत राहिली.

माझ्या हातचं पाण्यात न गेलेलं हे पहिलंच.
परवा बघायला गेलो तर
डाव्या नाकपुडीत कुंभारीण माशीनं घर केलेलं,
ओल्या मातीचं, गुळगुळीत, तोंड लिंपलेलं. अंडी असणार आत.
काम नीट होतं. मी बोट लावलं नाही.
उजवी मोकळी आहे.