जर्मनचं पातेलं

पोरगी काय शिकालीया, असं कुणी विचारलं
की आई सांगते, केमिस्ट्री.
मग जरा थांबून, उधारी कबूल केल्यासारखी,
'आन् जोडीला जर्मन.'
आमच्या गल्लीत जर्मन म्हणजे पातेलं,
पोचे आलेलं, दुधाला चालणारं, ताकाला न चालणारं.
'भांड्यांचा कोर्स निघालाय व्हय विद्यापीठात?'
हुजऱ्यांच्या काकूंनी खरंच विचारलं.

मायनर म्हणजे आठवड्याला चार तास.
लॅबमधनं सुटून, ओढणीला अमोनियाचा वास घेऊन
मी पळत जातो. मागच्या माळावर मोर केकाटत असतो.
कामत मॅडम पुण्याच्या. फळ्यावर तीन रकाने :
डेर, डी, डास.
इंग्रजीवर वाढलेली पोरं गार पडली.
आम्हाला काय, तो ती ते घरचेच,
फक्त तिकडं सूर्य बाई आहे, टेबल बाप्या,
आणि मुलगी
नपुंसकलिंगी.
वर्ग हसला. मी नाही हसलो.
आमची कागलची आत्या अजून दारातनं ओरडते,
'ते पोरगं जेवलं काय?'
ते पोरगं म्हणजे मी.

त्साइट म्हणजे वेळ.
जीभ दाताला लावा, मॅडम सांगतात,
आणि मला सापडतो चुलीतला च,
जो चहातला नव्हे,
जो शाळेत कुणी वेगळा काढून दाखवलाच नाही.
'कारण' म्हटलं की क्रियापद शेवटाला जातं,
एवढ्यासाठी अख्खा तास गेला.
आमच्याकडं ते पहिल्यापासनं शेवटीच बसतं,
सगळ्या पंगतीला वाढून झाल्यावर.

उद्यमनगरात पप्पांच्या शेडमध्ये
एक जुनं मशीन आहे, बोटीनं आलेलं.
त्याच्या पाटीवरची काजळी मी ओढणीनं पुसली
आणि अक्षर अक्षर लावत वाचलं :
उघडण्याआधी यंत्र बंद करावे.
'बावीस वर्षं मला वाटालतं, कंपनीचं नाव आसंल,'
पप्पा म्हणाले,
आणि डाव्या हातानं पाटीवर तेलाचा बोळा फिरवला.
त्या हाताचं मधलं बोट
एका पेरानं कमी आहे.

गेल्या साली स्पर्धेला पुण्यात गेलो होतो.
हॉस्टेलच्या दारात म्हटलं, 'मी आलो.'
'आलो? अगं, आले म्हण!'
सहा पोरी हसल्या, वाईट नव्हत्या, नुसत्या हसल्या.
तेव्हापासनं प्रत्येक क्रियापदाच्या उंबऱ्यावर
मी अडखळायचो,
ओ का ए, ओ का ए,
आणि बऱ्याचदा बोलायचंच राहून जायचं.
तोंडी परीक्षेला मॅडमनी विचारलं, कशी आलीस?
इश् बिन गेकोमन, मी म्हटलं, केएमटीनं.
त्यात ओ नव्हता, ए नव्हता.
नुसतं येणं होतं.
मार्क साडेसहा मिळाले, दहापैकी.
प्रत्यय चुकला होता बसचा.

संध्याकाळी चप्पल काढता काढता ओरडलो,
'आई, आलो!'
ती दूध तापवत होती.
'तुझ्या जर्मनीत पातेल्याला काय म्हंत्यात गं?'
'टोप्फ.'
'टोप?' तिनं गॅस बारीक केला.
'शिरोलीच्या फुडं हाय की ते.
तुझी मावशी दिलीया तितं.'