तेरावा महिना

अदिसच्या विमानतळामागच्या हँगरात
तीन कंपन्यांची माणसं आली, तीन प्रोजेक्टर घेऊन.
वुबितने तक्ता आखून ठेवला होता:
किंमत, सुटे भाग, परवाने, सही कुणाची,
आणि तळाशी एक रकाना
ज्याला नाव सुचलं नव्हतं.

पहिलं सॉफ्टवेअर भविष्य सांगतं.
कुठला पंप किती उड्डाणांनी दगा देईल
ते तांबड्या-हिरव्या पट्ट्यांत,
कुडमुड्या जोशाहून ठामपणे.
दुसरं दिसायला ओबडधोबड,
पण नेटवर्क गेलं तरी चालतं;
पंखाच्या पोटात, जिथे टॉर्चसुद्धा वळत नाही,
तिथे तेलकट अंगठा ओळखतं.
तिसरं स्वस्त. त्याच्याबद्दल तेवढंच.

अस्फाव मागे बसला होता, मांडीवर त्याच्या खासगी वह्या.
एकतीस वर्षांच्या, काही पानं ग्रीसने पारदर्शक.
‘ह्या आत जातील?’
पहिल्याने हसत एक ओळ टंकून पाहिली:
पागुमे ४. डावं चाक. आवाज थकलेला.
पडद्यावर तांबडी चौकट: महिना अवैध.

आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो.
इथे तो दरवर्षी येतो, पाच दिवसांचा,
पाऊस सरत आलेला असताना,
आणि पोरं त्या पाण्यात न्हाऊन घेतात.

‘तारीख बदलून टाकू,’ तो माणूस म्हणाला, ‘सोपं आहे.’
‘आणि थकलेला? त्याचा कोड काय?’
कुणी बोललं नाही.
‘केसाएवढी चीर होती बेअरिंगला,’ अस्फाव म्हणाला.
‘आवाज आधी आला. चीर आठवड्याने सापडली.’

मग वुबितने तिघांना एकच विचारलं:
चुकून चढवलेली नोंद पुसायची कशी?
पहिला म्हणाला, एक क्लिक.
तिसरा म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो.
दुसऱ्या कंपनीची मुलगी रात्रभराच्या प्रवासाने पेंगुळलेली.
‘पुसता येत नाही,’ ती म्हणाली, जरा ओशाळून.
‘वर रेघ मारता येते. खालचं दिसत राहतं.
रेघ कुणी मारली, तेही.’

अस्फावने वही उघडून तिच्यापुढे सरकवली.
पानोपानी रेघा. प्रत्येकीच्या टोकाला त्याचं अक्षर.

पागुमे तिलाही ठाऊक नव्हता.
तिने स्पेलिंग विचारून हातावर लिहून घेतलं.
बिननावाच्या रकान्यात वुबितने एक खूण केली.

वह्या चढवायला चौदा महिने लागतील,
असा अंदाज निघाला.
‘कुठले?’ अस्फावने विचारलं. ‘तुमचे की आमचे?’