जागा ५९५६

सारखं असलं की हा प्रोग्राम काही बोलत नाही.
टर्मिनलच्या काळ्या खिडकीत
कर्सर खालच्या ओळीवर येतो, लुकलुकतो,
आणि आपण समजून घ्यायचं
की दोन फाइलींत काना-मात्रेचाही फरक नाही.
घुम्या बापाच्या घरात वाढले मी,
मला ही भाषा कळते.

आज मात्र बोलला.

बाहेर तोर्शहाव्नचं बंदर,
डोलकाठ्यांवर दोरखंडांची खडखड.
डावीकडे ट्रोंडुरची फाइल:
स्वीनोय बेटाजवळच्या समुद्राचं तापमान,
रोज सकाळी नऊला, बादली, दोरी, थर्मामीटर,
सत्तावीस वर्षं.
निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे बसून
त्याने ती स्वतः टाइप केली, दोन बोटांनी.
उजवीकडे त्याच वह्या,
यंत्राने एका दुपारात वाचलेल्या.

आधी फरकच फरक, पडदा भरून.
इकडे ६.७, तिकडे ६.६९९९९९.
म्हटलं, अरे, एकोणीस-वीस चालायचंच,
दशांशाची दोन घरं बघ, पुढचं सोड.
गर्दी ओसरली.
एकच ओळ उरली:

जागा ५९५६. इकडे ६.८. तिकडे काही नाही.

शून्यापासून मोजत गेले:
तेवीस एप्रिल एकोणीसशे सत्त्याऐंशी, गुरुवार.
पानाच्या छायाचित्रात तेवढाच रकाना
खोडरबराने खरवडलेला, कागदाला लव सुटलेली.

ट्रोंडुरला फोन लावला. वय एक्क्याऐंशी.
आधी वाऱ्याचं झालं, मग गुडघ्याचं,
मग रूबार्ब यंदा उशिरा फुटला त्याचं.
तारीख सांगितली तेव्हा हसला.
"बादली गेली ना त्या दिवशी, थर्मामीटरसकट.
गाठ मार्यूनने मारली होती
असं मी अजून तिला ऐकवतो. गाठ माझीच.
नवा थर्मामीटर शुक्रवारच्या बोटीने आला."
मग हा आकडा?
"हात घातला पाण्यात. मनगटापर्यंत.
सोळा वर्षं तेच पाणी, पोरी.
सहा पूर्णांक आठच होतं ते.
संध्याकाळी लाज वाटली, खोडलं.
टाइप करताना वाटलं, खोडलं कशाला?"

कुठे वेगळं, ते प्रोग्राम सांगतो.
कितीने वेगळं, तेही सांगतो.
खरं कुठलं, यासाठी त्याच्याकडे पर्याय नाही;
मदतीचं पान मी शेवटपर्यंत वाचलं आहे.

बुधवारी ६.७.
शुक्रवारी दुपारी, नव्या थर्मामीटरने, ६.९.

नियम सरळ आहे: उपकरण नाही, तर नोंद नाही.
मी ६.८ काढलं, जागा रिकामी केली,
आणि फाइलच्या इतिहासात, जिथे कुणी फिरकत नाही,
लिहिलं: हाताने मोजलेलं, मनगटापर्यंत, ट्रोंडुर.

मग सवयीने ती फाइल तिच्याशीच ताडून पाहिली.
एकच फाइल, नाव दोनदा.
तरी तो बोलला.
जागा ५९५६, फरक.

रिकामं रिकाम्याच्या बरोबर नसतं.
हे मला शिकवलेलं होतं,
परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते.
एक अक्षर असतं, ते आज्ञेला जोडलं
की दोन रिकाम्या जागा सारख्या धरल्या जातात
आणि तो गप्प होतो.
मी ते अक्षर टाइप केलं.
पुसलं.

निघताना धक्क्याच्या पायऱ्या उतरले,
शेवटच्या, शेवाळलेल्या पायरीवर टेकले,
बाही वर केली, हात बुडवला,
दहापर्यंत मोजलं, पुन्हा दहापर्यंत.

गार.
एवढंच सांगता आलं मला.